भिंतीवरचं नाव: भाचीसाठी कापडी अक्षरं करताना

नाव मला 16 फेब्रुवारी 2024 च्या रात्री कळलं. बारसं 10 मार्चला ठरलं होतं. म्हणजे हातात 23 दिवस, तेही नोकरी सांभाळून, आणि नाव कुणाला कळू द्यायचं नाही. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, आणि या खेपेला आत्या मी होते.

बाळाच्या खोलीत लावायला नावाची अक्षरं हाताने करायची असतील आणि ती मराठीत हवी असतील, तर माहिती फार थोडी मिळते. जी मिळते ती बहुतेक इंग्रजी अक्षरांची. म्हणून माझं काय काय झालं ते सगळं लिहून ठेवते आहे. नाव पूर्ण सांगणार नाही, मुलीचं नाव नेटवर नको असं भावाने सांगितलंय. तीन अक्षरं आहेत, त्यात एक जोडाक्षर, एक श, एक ल आणि एक दीर्घ वेलांटी. एवढं कळलं तरी पुढचं समजेल.

सुरुवात खरं तर 17 डिसेंबरला झाली. वहिनीचं डोहाळजेवण होतं नाशिकला. जेवणं झाल्यावर भावाने मोबाइलवर एक फोटो दाखवला, पाळण्यामागच्या भिंतीवर लाकडी इंग्रजी अक्षरांत बाळाचं नाव. म्हणाला, "ताई, असं काहीतरी करू या का?" मी लगेच हो म्हटलं. आई मात्र म्हणाली, बाळ हातात आल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. घरात आधीपासून शिवलेलं चालतं ते फक्त जुन्या लुगड्यांची दुपटी. आईच्या म्हणण्यावर मी वाद घातला नाही. पहिल्यांदा एकदा फार वाईट गेलं होतं वहिनीचं, आईची भीती मला माहीत होती. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत मी फक्त चौकशी केली आणि कागदावर अक्षरं गिरवली. पुढे तोच काळ सगळ्यात उपयोगी पडला.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची, इंग्रजी अक्षरं दुकानादुकानांत टांगलेली होती, हवी ती, हव्या त्या मापाची. देवनागरीत ॐ होता, स्वस्तिक होतं, शुभ-लाभ होतं. सुटी अक्षरं कुठेच नव्हती. एका ठिकाणी म्हणाले, नाव सांगा, लेझरवर कापून देतो. नाव तर अजून ठरलं नव्हतं, म्हणून नमुन्यादाखल मी "लाडकी शकू" असं टाइप करायला सांगितलं. पडद्यावर आलं ते पाहून मी थांबले. ल हिंदी पाठ्यपुस्तकातला, श सुद्धा तिथलाच. त्या भल्या माणसाला फरक दिसत नव्हता, आणि त्याची काही चूकही नव्हती. संगणकाच्या लेखी दोन्ही ल एकच असतात. कोणतं रूप दिसणार हे फॉन्ट ठरवतो.

मराठीतला ल पाकळीचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात देवनागरी लिपीचं प्रमाणीकरण केलं, त्यात हीच रूपं मराठीसाठी धरली आहेत: पाकळीयुक्त ल, देठयुक्त श. शाळेत मुलं तीच गिरवतात. मला वाटतं, जे अक्षर मुलगी रोज उठल्यावर बघणार आहे ते तिने पुढे पाटीवर काढायच्या अक्षरासारखंच असावं. तुम्ही लेझरवर कापून घेणार असाल तर घरून निघतानाच अक्षराची बाह्यरेषा तयार करून न्या, दुकानात टाइप करायला सांगू नका. संगणकावर मजकुराची भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट आपोआप मराठी ल आणि श देतात, काही देत नाहीत. छापून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

त्या दिवशी हात हलवत परत आले, पण येताना एक गोष्ट पक्की झाली होती. इंग्रजी अक्षरं एकेकटी उभी राहतात, म्हणून ती कपाटावर ठेवता येतात, भिंतीवर सुटी चिकटवता येतात. आपली अक्षरं शिरोरेघेला लटकतात. सुटी सुटी चिकटवली तर ती तीन अक्षरं दिसतात, नाव दिसत नाही. म्हणजे आधी शिरोरेघ हवी. ती म्हणजे एक काठी, आणि काठीला खाली अक्षरं टांगलेली. हे सुचल्यावर लाकूड आपोआप बाद झालं आणि कापड आलं.

कापड कुठलं, यावर विचार करावा लागला नाही. आजी 2019 मध्ये गेली. तिची चार सुती लुगडी आईच्या पत्र्याच्या पेटीत होती, त्यातलं एक निळं इरकल, लाल काठाचं.

3 फेब्रुवारीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्या दिवशी विशाखा नक्षत्र होतं, गुरुजींनी ती, तू, ते, तो ही अक्षरं काढून दिली. नावरस नाव पत्रिकेपुरतं ठेवायचं आणि हाक मारायचं नाव वेगळं, असं भाऊ-वहिनींनी ठरवलं. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी 108 अक्षरं त्या तक्त्यात असतात आणि काहींच्या वाट्याला ण किंवा ङ येतो, त्यामुळे दोन नावं ठेवण्याची ही पद्धत बऱ्याच घरांत आहे. आमच्याकडे हाकेच्या नावावर 13 दिवस चर्चा चालली. बाराव्या दिवशी बारसं करायचं नाही, सव्वा महिन्याने करू असं आधीच ठरलं होतं, नाहीतर माझं काही खरं नव्हतं. तुम्ही बाराव्या दिवशी बारसं करत असाल तर अक्षरं तोपर्यंत पुरी करण्याचा हट्ट धरू नका. बाळ खोलीत वर्षानुवर्षं राहणार आहे.

17 फेब्रुवारीला, शनिवारी, कामाला बसले. आधी अक्षर काढणं. माझं हस्ताक्षर बरं आहे, पण 20 सेंटिमीटर उंचीचं जाड अक्षर काढणं वेगळं. यासाठी शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी शिकवलेली युक्ती वापरली. दोन पेन्सिली घ्यायच्या, मध्ये थर्मोकोलचा तुकडा धरून रबराने घट्ट बांधायच्या, टोकांमध्ये साडेतीन सेंटिमीटर अंतर ठेवायचं. मग बोरूने लिहितो तसं लिहायचं. दोन्ही टोकं एकदम चालतात आणि अक्षराच्या दोन्ही कडा मिळतात. पेन्सिलींचा कोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलायचा नाही, मनगट फिरवायचं नाही, पूर्ण हात चालवायचा. जिथे रेघ फारच बारीक होते तिथे नंतर हाताने जाड केली, कारण कापडात अडीच-तीन सेंटिमीटरपेक्षा बारीक भागात आतलं भरण (फायबर) जात नाही. डिसेंबरपासून मी वर्तमानपत्रांवर हेच करत होते, तरी माझा ल सातव्या प्रयत्नात जमला. पाकळीचं वळण मोठं घ्यावं लागतं, नाहीतर भरल्यावर आतली मोकळी जागा बुजते.

काढलेलं अक्षर भिंतीवर चिकटवून दाराशी उभं राहून बघा. जवळून जे बरोबर वाटतं ते लांबून जाड-बारीक दिसतं. मी जोडाक्षराचा अर्धा भाग दोनदा बदलला. मग अक्षरांच्या झेरॉक्स काढल्या आणि कार्डशीटवर चिकटवून कापल्या. मूळ कागद कापू नका, तो लागतो.

18 तारखेला आई पुण्याला माझ्याकडे आली, पेटीतली लुगडी पिशवीत घेऊन. ती आधी रिठ्याच्या पाण्यात भिजवून, धुऊन, कडक उन्हात वाळवली होती. मी कात्री हातात घेतली आणि मला ते कापवेना. त्या निळ्या लुगड्याला अजून पेटीतल्या वेखंडाचा वास होता. आजी तेच नेसून ओट्यावर तांदूळ निवडत बसायची. मी बराच वेळ नुसती त्यावरून हात फिरवत राहिले. आई काही बोलली नाही. तिने माझ्या हातातली कात्री घेतली, काठ सोडून पहिला छेद दिला आणि पुढचं कापड टरकन हाताने फाडलं. सुती लुगडं सरळ फाटतं. मग म्हणाली, "तिने स्वतःच्या सासूच्या लुगड्याची दुपटी केली होती तुझ्यासाठी." त्यानंतर मला कापता आलं.

जुनं सूत विरविरीत असतं, कडा सुटतात. म्हणून शिंप्याकडे मिळतं ते पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, आणून कापडाच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटवलं. दीड मीटर पुरलं. इस्त्री सरकवायची नाही, दाबून धरायची आणि उचलायची. इथे माझी एक मोठी चूक झाली. पेस्टिंग पांढरं असतं, त्यावर रेघ छान दिसते, म्हणून अक्षर मी त्याच बाजूने गिरवलं आणि कापलं. उलटून बघते तर श आरशातल्यासारखा. लुगड्याचा चांगला भाग वाया गेला असं वाटून मला रडूच आलं. आईने तो तुकडा उचलून बघितला आणि सरळ कापलेल्या कागदी अक्षराच्या मागे धरला. बरोबर बसला. दोन थरांच्या अक्षराला मागचा थर उलटाच लागतो. म्हणजे एक तुकडा पेस्टिंगच्या बाजूने गिरवायचा, एक सुलट बाजूने. माझ्या चुकीतून आम्हाला पद्धतच सापडली. प्रत्येक तुकड्यावर खडूने "पुढचा" आणि "मागचा" लिहून ठेवा.

उशीसारखं आतून शिवून उलटवायचं असं मी बघितलेल्या सगळ्या इंग्रजी अक्षरांच्या कृतींत होतं. देवनागरीत ते जमणार नाही. व, ब, म यांसारख्या अक्षरांना बंद गाठी आणि पोटं असतात, ती उलटत नाहीत. वळणंही फार. म्हणून दोन थर पाठीला पाठ लावून कडेने बाहेरूनच काजटाका घातला. आधी मशीनवर एक टीप मारून घेतली होती, कडेपासून चार मिलिमीटर आत, म्हणजे ओढल्याने उसवणार नाही. काजटाक्याला अँकरचा लाल दोरा, सहा पदरांतले तीन. एका अक्षराला साधारण तीन संध्याकाळी लागल्या. कामावरून येऊन, जेवून, साडेनऊ ते साडेअकरा.

भरण शिवता शिवताच घालायचं. सगळं शिवून झाल्यावर एका भोकातून भरू म्हटलं तर कोपऱ्यात जात नाही. सरकीचा कापूस धुतल्यावर गोळे होतो म्हणून फायबर घेतलं, अर्धा किलो, त्यातलंही उरलं. पेन्सिलच्या मागच्या बोथट टोकाने लहान लहान बोळे सारायचे. फार ठासलं तर अक्षर आंबाड्यासारखं फुगतं आणि वळण हरवतं. चपटं ठेवलेलं चांगलं दिसतं.

सगळ्यात जास्त अडलं ते वेलांटीशी. अक्षर शिरोरेघेला लटकतं, पण वेलांटी शिरोरेघेच्या वर उभी राहते. कापडाची वेलांटी वर उभी करायची कशी? पहिल्यांदा तार घातली. तार वाकली की वाकलेलीच राहते, आणि टोक कापडातून बाहेर आलं. बाळाच्या खोलीत ते नकोच. दोन दिवस काम थांबलं. मग 28 फेब्रुवारीला बुरूड आळीत शिरोरेघेसाठी बांबू घ्यायला गेले, तिथल्या मावशी टोपलीसाठी कामट्या सोलत बसल्या होत्या. आकाशकंदिलाची कमान आठवली. त्यांना विचारलं, तर त्यांनी एक पातळ कामटी तासून, पाण्यात भिजवून, माझ्या कागदी वेलांटीवर धरून वाकवून दिली आणि दोऱ्याने बांधून वाळू दे म्हणाल्या. टोकं घासून घ्यायला सांगितलं. रात्रभर ठेवली, सकाळी वेलांटीचं वळण तिच्यात कायमचं बसलं होतं. टोकांना कापडाच्या चिंध्या गुंडाळून ती आत घातली. वेलांटीचं खालचं टोक काठीला मागून बांधलं. अजून ताठ आहे.

शिरोरेघेचा बांबू 95 सेंटिमीटर. त्यावर इरकलीचा लाल काठ गुंडाळून शिवला आणि त्याच काठाच्या पट्ट्यांची अक्षरांच्या डोक्याला बंदं केली. बंदं अगदी आखूड ठेवा, अक्षर काठीला टेकलं पाहिजे. मध्ये फट राहिली तर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतं. लांब दोरे ठेवू नका याचं दुसरं कारण अर्थातच बाळ. टिकल्या, मणी, घुंगरू, बटणं यांतलंही काही लावलं नाही. मावसबहिणीने आरसे दिले होते, ते परत केले. निसटलेली बारीक वस्तू तोंडात जायला वेळ लागत नाही.

7 मार्चला रात्री शेवटचा टाका. 8 ला महाशिवरात्रीची सुट्टी होती, वाकडेवाडीहून नाशिकची एसटी धरली. अक्षरं उशीच्या अभ्र्यात, बांबू हातात. बायकांना अर्धं तिकीट असल्याने गाडी भरलेली होती. कंडक्टरने विचारलं काय आहे, तर मी म्हटलं शिरोरेघ. त्यांनी ती ड्रायव्हरच्या मागे दप्तराजवळ उभी करून ठेवली आणि नाशिक येईपर्यंत सांभाळली.

भावाचं घर भाड्याचं. भिंतीला भोक पाडायला नको म्हणून त्याने चिकटणारे हूक आणून ठेवले होते. संध्याकाळी लावलं, वर ओढणी टाकली, कारण नाव कळायचं नव्हतं. रात्री दोनच्या सुमारास धाडकन आवाज. हूक डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊन खाली आले होते. बाळ-बाळंतीण अजून वहिनीच्या माहेरी होत्या, खोली रिकामी होती. तरी माझे हातपाय गार पडले. पाळणा त्याच भिंतीला टेकवलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक काकांना फोन करून परवानगी घेतली, आधी घ्यायला हवी होती, ते लगेच हो म्हणाले. इलेक्ट्रिशियनने दोन भोकं पाडून गिट्टी ठोकून स्क्रू बसवले, 200 रुपये. आणि जागा बदलली. पाळण्याच्या वर काहीही टांगू नका, कितीही हलकं असो. आता नाव समोरच्या भिंतीवर आहे, जमिनीपासून साडेपाच फुटांवर. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचं नीट दिसत नाही, त्यामुळे पहिले काही महिने ते मोठ्यांसाठीच असतं. पाळण्यात पडल्या पडल्या समोर दिसेल अशी जागा पुढे कामाला येते.

10 मार्च, रविवार. वरवंट्याला कुंची घालून "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं. भावाने ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नाव लिहिलं. मी वाकून तिच्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी माझ्या पाठीत कुर्र केलं. मग आईने ओढणी काढली. बाकी सगळे नाव वाचत होते. आजीची धाकटी जाऊ, आमची काकीआजी, ती जवळ गेली आणि लुगड्याला हात लावून उभी राहिली. तिने नाव वाचलं नाही, आजीचं नाव घेतलं.

पुढचा भाग कागदाचा. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते, ती रुग्णालयाने केली होती, नावाशिवाय. जन्मनोंदीत नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांना जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो, म्हणून भाऊ घाई न करता पण वेळेत गेला. 18 मार्चला अर्ज दिला, दोघांचे आधार, रुग्णालयाचा कागद. 2 एप्रिलला दाखला मिळाला आणि त्यात वेलांटी ऱ्हस्व. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही सारखंच दिसतं, मराठीकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. ज्या वेलांटीसाठी मी दोन दिवस अडून बसले होते, तीच. भावाला म्हटलं, राहू दे म्हणू नकोस. दोघांच्या सहीचं पत्र लागलं, दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत खिडकीवरच्या बाईंनी नेमकं कसं हवं विचारलं, तेव्हा त्याने भिंतीचा फोटो दाखवला. त्यांनी त्यात बघून वेलांटी टाइप केली आणि छापण्याआधी पडदा त्याच्याकडे वळवला. 26 एप्रिलला दुरुस्त दाखला हातात. अर्जात मराठी नाव सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहा आणि छापण्यापूर्वी दाखवायला सांगा. पैसे फक्त प्रतींचे पडले.

अक्षरांचा माझा खर्च असा झाला: झेरॉक्स-कार्डशीट 85, पेस्टिंग 120, दोरे 90, फायबर 130, बांबू-कामटी 80, स्क्रू बसवण्याचे 200, म्हणजे 705 रुपये. कामटी वाकवून देण्याचे मावशींनी घेतले नाहीत. पुढे दिवाळीत आकाशकंदिलासाठी गेले तेव्हा फोटो दाखवला त्यांना.

धुवायची वेळ आतापर्यंत दोनदा आली. बांबू काढून, कामटी ओढून, अक्षरं हाताने कोमट पाण्यात, पिळायची नाहीत, टॉवेलात दाबायची आणि आडवी वाळवायची. दुसऱ्या खेपेला ल च्या पाकळीचा काजटाका चार बोटं उसवला. वहिनीकडे लाल दोरा नव्हता, तिने हिरव्याने शिवलं. मी गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुम्ही नीट करून घ्या." मी पिशवीत लाल लडी नेली होती. पाकळीजवळ गेले, टाके बघितले, तिने सुंदर बारीक घातले होते. लडी तशीच परत आणली.